कुंडलिनी योगाचं अ‍ॅप, चाळीस दिवसांची अट अन् आमची रात्रीची लाइन

काल परत ऑटो-पेमधून 2,999 रुपये कटले, म्हणून आज लिहूनच टाकतो. हे कुंडलिनी योगाचं बिगिनर कोर्सवालं अ‍ॅप मी दिवाळीनंतर घेतलं, हरभऱ्याच्या ओलितात झोपेची पार वाट लागली होती म्हणून. अ‍ॅपमध्ये मंत्र, श्वास अन् ध्यानाचे प्रकार व्हिडिओतून शिकवतात, एकेका प्रकाराला क्रिया म्हणतात.

खरा त्रास एकच, चाळीस दिवसांची अट. एक क्रिया सलग चाळीस दिवस केल्याशिवाय पुढचा धडा उघडत नाही, एक दिवस हुकला की मोजणी परत एकपासून, अन् हजेरी लागते ती फक्त अमृतवेळेत, म्हणजे सूर्योदयाच्या आधीच्या अडीच तासांत. आता आमच्या तिवसा तालुक्यात कृषी पंपाची लाइन म्हणजे वीज आलटून पालटून, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पहाटे चार वाजता माणूस बॅटरी तोंडात धरून स्प्रिंकलरचे पाइप बदलत असते, पाय घोट्यापर्यंत चिखलात, तिथं पाठ ताठ करून बसणार कुठं? अन् हिशोब पाहा राजेहो, धडे सहा, प्रत्येकाला चाळीस दिवस, म्हणजे 240 दिवस, अन् सबस्क्रिप्शन तीन महिन्यांचं! एकही खाडा न करणाऱ्याला सुद्धा पैसे भरलेले धडे पाहायला भेटत नाहीत.

कस्टमर केअरवाला म्हणे, सर ही परंपरा आहे. परंपरा मलाही मान्य आहे. 40 दिवस जुनी सवय मोडायला, 90 दिवस नवी पक्की करायला, पुढे 120 अन् 1000, असं या पद्धतीत सांगतातच. खाडा पडला तर पहिल्यापासून सुरू करा हेही सांगतात, पण परत पैसे भरा असं कुठं आहे?

तसं कुंडलिनी, म्हणजे माणसात झोपलेली शक्ती, आपल्याला नवी नाही, ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिचं वर्णन आहेच. पण 'ओंग नमो गुरु देव नमो' तीनदा म्हणून सुरुवात, पांढरे कपडे, डोकं झाकणं, ही पद्धत हरभजन सिंग उर्फ योगी भजन यांनी 1969 पासून अमेरिकेत पसरवलेली. त्यांच्यावर बायांनी केलेले लैंगिक शोषणाचे आरोप खरे असण्याचीच शक्यता जास्त, असं त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीच्या 2020 च्या अहवालात आलं. अ‍ॅपमध्ये त्याचा एक शब्द नाही, अन् नवीन माणसाला हे आधी सांगायलाच पाहिजे.

पहिला महिना तर मला हे सगळं फॅड वाटत होतं. मग 'सा ता ना मा' हा मंत्र आला अन् मत बदललं. एकेका अक्षराला अंगठा टेकवायचा, पहिल्या बोटाला, मग मधल्या, अनामिका, करंगळी, आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग मनात, मग उलट क्रमाने परत मोठ्याने, 11 मिनिटं. मी वावरातून आलो की हातपाय धुऊन खाटेवर बसूनच करतो. आधी आल्यावर नुसता या कुशीचा त्या कुशीवर व्हायचो, आता आठ वाजेपर्यंत गाढ झोप लागते. इतकी साधी गोष्ट इतकं काम करते याचा खरंच आनंद आहे. अ‍ॅप मात्र याची हजेरी लावत नाही, वेळ चुकली म्हणे!

ब्रेथ ऑफ फायर ही भरभर श्वासाची क्रिया व्हिडिओ पाहून शिकूच नका. नाकाने श्वास घेणं अन् सोडणं दोन्ही सारख्याच जोराने, मध्ये थांबणं नाही. कपालभातीत जोर फक्त सोडण्यावर असते. व्हिडिओतली बाई इतक्या स्पीडने करते की पोट आत कधी अन् बाहेर कधी ते दिसतच नाही, मला चक्कर यायची. शेवटी गावातल्या प्रार्थना मंदिरातल्या आजोबांनी पोटावर हात ठेवून पाहिलं अन् म्हणाले, "अरे श्वास घेतानी पोट बाहीर आलं पाह्यजे, तू आत कायले ओढतं?" तेवढ्यानं जमलं, फुकटात. अर्ध्या मिनिटापासून सुरू करा. बीपीवाले, गरोदर बाया अन् पाळीच्या दिवसांत हे नाहीच करायचं, म्हणून मी बाबांना याला हात लावू दिला नाही.

या पद्धतीत पहाटे थंड पाण्याने आंघोळ करा असंही सांगतात, ते जास्त मनावर घेऊ नका. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमटच लागते, अन् सध्या मे महिन्यात टाकीचं पाणी पहाटे सुद्धा गरम.

ऑटो-पे आज बंद केलं, सा ता ना मा चालूच आहे. नवीन माणसानं पैसे भरण्याआधी समोर बसून शिकवणारं कोणी भेटते का ते पाहावं. रिफंडचं तिकीट अजून ओपन दिसते. पैसे आले तर इथंच अपडेट टाकतो, नाही आले तरी टाकतो.