स्नो लेपर्डवर मॅकपोर्ट्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्राम इंटेल मॅकवर चालवणारं रोझेटा ॲपलने मॅक ओएस एक्सच्या १०.७ आवृत्तीत काढून टाकलं. त्यामुळे त्याआधीची १०.६, म्हणजेच स्नो लेपर्ड, तिच्या शेवटच्या १०.६.८ रूपात अजून बऱ्याच मशीनवर टिकून आहे. अशाच एका २००९ च्या पांढऱ्या मॅकबुकवर (कोअर २ ड्युओ, ४ जीबी रॅम) मॅकपोर्ट्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर मॅकवर बांधून बसवणारं साधन, गेले आठ महिने रोज वापरात आहे. गिट, कर्ल, व्हिम, पायथन ३, इमेजमॅजिक ही मंडळी उत्तम चालतात. जुन्या सिस्टिमसाठी इतक्या चिकाटीने काम करणारा दुसरा प्रकल्प मॅकच्या जगात क्वचितच दिसेल.

सुरुवात एक्सकोड ३.२.६ या ॲपलच्या प्रोग्राम बांधण्याच्या संचापासून. फाइल सुमारे ४ जीबीची आहे. ॲपलच्या फुकट डेव्हलपर खात्यातून नव्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने आणलेली बरी. इन्स्टॉल करताना ‘युनिक्स डेव्ह सपोर्ट’वरची खूण काढू नका, नाहीतर जीसीसी हा कंपायलर आणि मेक हे बांधणीचं साधन ‘/यूएसआर/बिन’मध्ये येतच नाहीत. मग १०.६ चा मॅकपोर्ट्सचा इन्स्टॉलर चालवायचा आणि टर्मिनलमध्ये ‘सुडो पोर्ट सेल्फअपडेट’ द्यायचं. हे काम आरसिंकने होतं, त्याला एचटीटीपीएस लागत नाही, त्यामुळे निर्धोक पार पडतं.

पहिली खरी अडचण डाउनलोडची. सिस्टिमसोबत आलेलं ओपनएसएसएल (सुरक्षित जोडणीची लायब्ररी) ०.९.८ मालिकेतलं आहे, त्याला टीएलएस १.० या जुन्या सुरक्षा नियमावलीच्या पुढचं काही समजत नाही. मूळ सर्व्हर नव्या धाटणीचं एचटीटीपीएस मागतो आणि फेच (फाइल उतरवण्याची पायरी) तिथेच पडतो. बहुतेक वेळा मॅकपोर्ट्सचे स्वतःचे मिरर (प्रती ठेवणारे सर्व्हर) साध्या एचटीटीपीवरून फाइल देतात. तिथेही नसेल तर दुसऱ्या मशीनवर टारबॉल (मूळ कोडची गठ्ठा-फाइल) उतरवून ‘/ऑप्ट/लोकल/व्हार/मॅकपोर्ट्स/डिस्टफाइल्स’मध्ये त्या पोर्टच्या (मॅकपोर्ट्समधल्या त्या सॉफ्टवेअरच्या) नावाच्या फोल्डरात ठेवायचा. चेकसम, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, जुळला की काम पुढे सरकतं, त्यामुळे फाइल हाताने आणली म्हणून सुरक्षिततेत काही कमी होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो कंपायलर. एक्सकोडचा जीसीसी ४.२ सी++११ (सी++ भाषेची नवी आवृत्ती) जाणत नाही, आणि क्लँग हा नवा कंपायलर ज्यावर उभा आहे ते एलएलव्हीएम ३.५ पासून पुढचं बांधायला सी++११ लागतं. म्हणून आधी क्लँग ३.४, मग एलआयबीसी++ ही नवी सी++ लायब्ररी, मग त्याच्या आधाराने पुढचे क्लँग, अशी चढण चढावी लागते. मॅकपोर्ट्स ही साखळी आपणहून लावतं, पण तयार पॅकेज मिळालं नाही तर मशीन रात्रभर तापतं. तयार पॅकेज साधारणपणे डीफॉल्ट व्हेरिअंटचंच (मूळ ठरलेल्या पर्यायांचंच) असतं. हौसेने ‘+युनिव्हर्सल’ लावलं की अवलंबून असलेलं सगळं घरीच बांधणं आलं, तेही ३२ आणि ६४ बिट अशा दोन-दोन आर्किटेक्चरसाठी. व्हेरिअंटना हात लावू नका. क्लँग बांधताना रॅम कमी पडून स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) वाढू लागला तर ‘मॅकपोर्ट्स.कॉन्फ’मध्ये ‘बिल्डमेकजॉब्स’ (एका वेळी चालणारी बांधणीची कामं) १ करा.

सी++ लायब्ररीची सरमिसळ झाली की लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारं साधन) ‘अनडिफाइन्ड सिंबल्स’ म्हणून थांबतो. न सापडलेल्या नावांत ‘एसटीडी’नंतर ‘__१’ दिसलं तर समजावं, एक बाजू एलआयबीसी++ वर बांधलेली आहे आणि दुसरी जुन्या एलआयबीएसटीडीसी++ वर. जुनी बाजू काढून नव्याने बांधल्याशिवाय इलाज नाही.

नवं सॉफ्टवेअर १०.६ वर अडतं ते मुख्यतः सिस्टिममध्ये नसलेल्या फंक्शनांमुळे. गेटलाइन आणि स्ट्रएनलेन १०.७ मध्ये आली, ओपनॅट १०.१० मध्ये, क्लॉक_गेटटाइम तर थेट १०.१२ मध्ये. ही उणीव भरून काढणारी ‘लेगसी-सपोर्ट’ लायब्ररी म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा कणा आहे. मॅकपोर्ट्सबाहेरचा एखादा प्रोग्राम हाताने बांधायचा असेल तरी ती वापरता येते: हेडरच्या वाटेत ‘/ऑप्ट/लोकल/इन्क्लूड/लेगसीसपोर्ट’ सगळ्यात आधी द्या, आणि लिंक करताना मॅकपोर्ट्सलेगसीसपोर्ट ही लायब्ररी जोडा. असं करून कितीतरी छोटी साधनं एकही पॅच न लावता उभी राहिली.

हाताने बांधताना आणखी एक चकवा आहे. कर्नल ३२ बिटवर चालू असेल तर मशीनचं आर्किटेक्चर सांगणारी ‘यूनेम -एम’ ही आज्ञा आय३८६, म्हणजे ३२ बिट, सांगते, पण कंपायलर मात्र ६४ बिटचं बांधतो. कॉन्फिगर स्क्रिप्टने त्या उत्तरावर विश्वास ठेवला की ३२ बिटची असेंब्ली आणि ६४ बिटचं सी एकत्र येतं आणि बिल्ड फसतो. अशा वेळी आर्किटेक्चर स्वतः सांगा. ‘/यूएसआर/लोकल’मध्ये पूर्वी टाकलेल्या लायब्ररीही अशाच नडतात, कारण कंपायलर तिथे न सांगता डोकावतो. बिल्डपुरतं त्या फोल्डरचं नाव बदलून पाहा.

बिल्ड पडला की पडद्यावरची शेवटची ओळ काहीच सांगत नाही. ‘पोर्ट लॉगफाइल’ आणि पुढे पोर्टचं नाव दिलं की लॉगचा पत्ता मिळतो. त्यात वरून खाली येताना जो पहिला ‘एरर’ दिसेल तोच खरा. दुरुस्तीनंतर ‘पोर्ट क्लीन’ करूनच पुन्हा बांधा, अर्धवट राहिलेल्या फाइली फार घोळ घालतात.

एखादी जुनी आवृत्तीच हवी असेल तर तिची पोर्टफाइल (बांधणीची कृती लिहिलेली फाइल) स्वतःच्या फोल्डरात ठेवा, तिथे ‘पोर्टइंडेक्स’ चालवा आणि ‘सोर्सेस.कॉन्फ’मध्ये तो फोल्डर मूळ ओळीच्या वर लिहा. फोल्डर ‘मॅकपोर्ट्स’ या वापरकर्त्याला वाचता आला पाहिजे; होम फोल्डरच्या परवानग्या आवळलेल्या असतील तर इथेच अडतं.

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या गोष्टींची मात्र फार आशा धरू नये. एसव्हीजी चित्रं दाखवणाऱ्या एलआयबीआरएसव्हीजी लायब्ररीची २.४० मालिका रस्टशिवाय बांधता येते, तिच्यावर भागवा. आधुनिक ब्राउझरचाही नाद सोडा.

अपग्रेड करताना ‘-यू’ लावू नका. ते न लावल्यास जुनी आवृत्ती निष्क्रिय होऊन डिस्कवर राहते, आणि नवी बिघडली तर ‘पोर्ट ॲक्टिव्हेट’ने मिनिटभरात परत आणता येते. ‘पोर्ट रिक्लेम’ त्याच जुन्या आवृत्त्या काढून जागा मोकळी करतं, म्हणून ते अपग्रेडनंतर निदान आठवडाभर थांबून चालवा.