बीआय टूलचा एक्सपोर्ट: बाकी सगळं झकास, पण डुप्लिकेट ओळी गिळतो

बीआय टूल म्हणजे कंपनीच्या डेटावरून तक्ते, आलेख आणि डॅशबोर्ड बनवणारं सॉफ्टवेअर. आमच्या टूलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण थोड्याफार फरकाने बरीच बीआय टूल्स असंच वागतात, उगाच एकाच्या नावाने शिमगा कशाला. दीड वर्ष रोज वापरतोय. डॅशबोर्ड छान, फिल्टर फास्ट, रिफ्रेश वेळेवर, तिथे बोट ठेवायला जागा नाही. रिव्ह्यू फक्त एक्सपोर्टचा आहे आणि तिथे मी पाचातले दोनच स्टार देतोय.

झालं असं की अकाउंट्सवाल्यांनी गेल्या महिन्याच्या डिस्पॅचची पूर्ण यादी मागितली. टेबलवर गेलो, एक्सपोर्ट दाबलं, फाइल आली, पाठवून मोकळा झालो. अर्ध्या तासात फोन, "अरे २१५ ओळी कमी आहेत." सोर्समध्ये ४,८१२ आणि माझ्या फाइलीत ४,५९७. फिल्टर बघितले, तारखा बघितल्या, परत रिफ्रेश मारला, ढिम्म फरक नाही. शेवटी एकच गिऱ्हाईक पकडलं आणि ओळ न् ओळ ताडून बघितली. ३ तारखेला त्याला एकाच मालाचे ४० नग सकाळी गेलेले आणि ४० संध्याकाळी, चलनं दोन वेगळी, पण चलन नंबर मी टेबलात घेतलाच नव्हता. तारीख तीच, गिऱ्हाईक तेच, माल तोच, नग तेवढेच, मग टूलच्या लेखी ती एकच ओळ!

भानगड अशी आहे की स्क्रीनवर दिसतं ते टेबल म्हणजे मूळ डेटा नसतोच, टूल तुम्ही घेतलेल्या कॉलमवर ग्रुपिंग करून ते बनवतं आणि एक्सपोर्ट त्याचाच होतो. नगांच्या कॉलमला बेरीज लावलेली असती तर दोन ओळींची एक होऊन ८० आले असते, म्हणजे ओळी कमी पण टोटल बरोबर. मी शहाणपणा करून बेरीज बंद केली होती, त्यामुळे ४० ची एक ओळ उरली आणि दुसरे ४० गेले हवेत. यावर ना वॉर्निंग ना काही. एक स्टार मी निव्वळ या गप्प बसण्यासाठी कापलाय, निदान "सारख्या ओळी एकत्र केल्यात" एवढं तरी लिही ना बाबा.

उपाय सोपा आहे, डेटा लोड करतानाच एक अनुक्रमांकाचा कॉलम घालायचा आणि तो टेबलात घ्यायचा, की प्रत्येक ओळ वेगळी राहते. पॉवर क्वेरीत (एक्सेल आणि पॉवर बीआयमधलं डेटा लोड करायचं साधन) इंडेक्स कॉलमचं बटणच आहे, डेटा एसक्यूएलमधून, म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीतून येत असेल तर रो नंबर. फक्त महिन्या-महिन्याच्या फाइली जोडत असाल तर नंबर जोडून झाल्यावर द्या, आधी दिलात तर प्रत्येक फाइल १ पासून सुरू होते आणि ये रे माझ्या मागल्या. आणि हा नंबर पुढच्या रिफ्रेशला बदलू शकतो, तेव्हा त्यावर व्हीलुकअप (एक्सेलचा शोधायचा फॉर्म्युला) वगैरे बांधू नका.

मैत्रीण पॉवर बीआय, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं बीआय टूल वापरते, ग्रुपिंगचं तत्त्व तिकडेही तेच. वर व्हिज्युअलमधून, म्हणजे स्क्रीनवरच्या तक्त्या-आलेखातून एक्सपोर्टला मर्यादा, सीएसव्हीला (स्वल्पविरामाने तोडलेली साधी मजकूर फाइल) ३०,००० ओळी आणि एक्सेलला १,५०,०००. हो, साध्या सीएसव्हीला कमी, मलाही आधी उलटं वाटलं होतं. पण तिच्याकडे डॅक्स स्टुडिओ आहे, पॉवर बीआयच्या डेटावर क्वेरी चालवायचं वेगळं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, पॉवर बीआय डेस्कटॉपची फाइल उघडी ठेवून जोडायचं, इव्हॅल्युएट (EVALUATE) लिहून पुढे टेबलचं नाव, आउटपुट फाइलमध्ये, झालं. डुप्लिकेटसकट सगळ्या ओळी येतात. त्याला पाचपैकी पाच, दिसायला रुक्ष आहे पण काम चोख. आणि टेबल छोटं असेल तर तेही नको, डेस्कटॉपच्या टेबल व्ह्यूमध्ये राइट क्लिक करून कॉपी टेबल केलं की मूळ ओळी जशाच्या तशा एक्सेलमध्ये पेस्ट होतात. लाखांत डेटा असेल तर मात्र एक्सेलच्या एका शीटला १०,४८,५७६ ओळींचं छप्पर आहे हे धरून चाला, आणि सीएसव्ही डबल क्लिक करून उघडू नका, ००४१७ चा कोड ४१७ होऊन बसतो आणि मग नसलेले डुप्लिकेट तयार होतात, ते निस्तरायला अजून एक दिवस.

आमच्या टूलच्या सपोर्टला मी तिकीट टाकलं होतं, स्क्रीनशॉटसकट, दोन्ही चलनांवर लाल गोल करून. चार दिवसांनी उत्तर आलं, "हे डिझाइननुसारच आहे", आणि तिकीट बंद. खाली पाच स्टार मागणारी लिंक मात्र न विसरता दिली होती.