रकमांचा रकाना: स्ट्रिंग.फॉरमॅट, नंबरफॉरमॅट की आयसीयू?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचा मासिक हिशेब जावा या प्रोग्रामिंग भाषेतून काढून नोटीस बोर्डावर लावायचा असेल, तर आधी रकमा किती मोठ्या आहेत ते पाहा. ९९,९९९ रुपयांपर्यंत कोणताही मार्ग चालतो. फरक लाखापासून पडतो, आणि सिंकिंग फंड लाखांतच असतो.

मजकूर साच्यात बसवणारा स्ट्रिंग.फॉरमॅट सगळ्यात सोपा. रुंदी १५, दशांश २ आणि स्वल्पविराम सांगितले की रकमा उजवीकडे लागून बसतात आणि दशांशचिन्हे एका रेषेत येतात. पण साडेबारा लाख तो १,२५०,०००.०० असे छापतो. खजिनदारांना ते वाचताना अडखळायला होणारच.

आकडे मांडणाऱ्या नंबरफॉरमॅट या वर्गाकडून चलनाची मांडणी मागताना भारताचा लोकेल (देश-भाषेची निवड) दिला की ₹ चिन्ह येते, गट मात्र तीन-तीन अंकांचेच राहतात. त्याच्याच डेसिमलफॉरमॅट या प्रकाराला #,##,##०.०० असा नमुना दिला तरी तो शेवटच्या गटाचीच लांबी धरतो. लोकेल बदलून बदलून पाहण्यात वेळ घालवू नका, जावाच्या मूळ वर्गांत लाख-कोटींची विभागणी नाहीच. शिवाय इथे रुंदी सांगता येत नाही. तयार मजकूर पुन्हा स्ट्रिंग.फॉरमॅटमधून उजवीकडे सरकवावा लागतो.

पूर्णांकनाकडे मात्र नीट लक्ष द्या. बिगडेसिमल या अचूक दशांश प्रकारातले ०.१२५ स्ट्रिंग.फॉरमॅट ०.१३ करतो, तर नंबरफॉरमॅट मुळात ०.१२ देतो, कारण तो बरोबर मधल्या किमतीला सम अंकाकडे वळवतो. एकाच तक्त्यात दोन्ही वापरले तर बेरीज पैशांनी चुकते. म्हणून रक्कम आधी सेटस्केलने (बिगडेसिमलची दशांश स्थळे ठरवणारी पद्धत) ठरवून घ्या. दशांश अंदाजे साठवणारा डबल हा प्रकार तर हिशेबात नकोच.

आयसीयूफोरजे, म्हणजे आयसीयू या बाहेरच्या लायब्ररीची जावा आवृत्ती, १२,५०,०००.०० बरोबर देते, पण त्यासाठी दहा एमबीहून मोठी जार (लायब्ररीची फाइल) जोडावी लागते. अनेक देशांची चलने हाताळणारे उत्पादन असेल तर मी तीच घेईन. एका सोसायटीच्या तक्त्यासाठी छोटे फंक्शन पुरते: दशांशचिन्हाआधीचे शेवटचे तीन अंक वेगळे काढा, उरलेल्यांचे उजवीकडून दोन-दोनचे गट करा. उणे चिन्ह आधी बाजूला ठेवा, नाहीतर ते गटात मोजले जाईल.

मराठी शीर्षकांची अडचण तिन्ही मार्गांत सारखीच. ‘पाणीपट्टी’त दिसणारी अक्षरे चार, पण जावा मोजतो नऊ, कारण काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे धरले जातात. त्यामुळे नावानंतरचा रकाना वाकडा होतो. साध्या मजकुराचा तक्ता असेल तर रकमा डावीकडे आणि तपशील शेवटच्या रकान्यात ठेवा.