सिंहगड: टॉवरजवळचं पिठलं-भाकरी

गेल्या रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं गड चढले आणि टीव्ही टॉवरच्या बाजूला असलेल्या एका छपरात जेवले. पाटीबिटी काही नाही. मावशींना विचारलं, पुढच्या वेळी कसं शोधू? त्यांनी मान वर केली. "हा काय टावर. याच्याकडं बघत यायचं."

भाकरी चुलीवरची, तव्यावरून थेट ताटात. पिठलं घट्ट, लसणाची फोडणी सढळ. ठेचा मात्र जपून घ्या, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मडक्यातलं दही इतकं दाट की मडकं उलटं धरलं तरी सांडत नाही. चहा फार गोड, तो सांगून कमी साखरेचा करून घ्यावा.

पण मी तिथे तासभर बसले ती टॉवरसाठी. टीव्हीच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पण आमच्या नि मुंबईच्या मध्ये सह्याद्री. १९७३ पासून ते कार्यक्रम सिंहगडावरून पुण्यात उतरू लागले. गड १३०० मीटरच्या वर, शहर ५६० च्या आसपास. एवढ्या उंचीवरून सगळं पुणं टप्प्यात येतं. आमच्या वाड्याच्या कौलांवर बाबा अँटेना धरून उभे राहायचे, तोंड सिंहगडाकडे. खालून आम्ही ओरडायचो, "आलं, आलं... गेलं! मुंग्या आल्या!" सातच्या बातम्यांपर्यंत चित्र स्थिर झालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बाबा गेले, अँटेनाही गेली. टॉवर जवळून पाहिला तो मात्र परवा पहिल्यांदा.

काहींना तो गडावर खुपतो. तानाजी मालुसऱ्यांच्या गडावर लोखंड कशाला, असं शेजारच्या बाकावरचे एक काका म्हणाले. त्यांचं मला पटलं नाही. राजगडावर, तोरण्यावर उभं राहून ओळीनं डोंगर दिसत असताना टॉवरवरूनच आपण बोट दाखवतो: तो सिंहगड.

टॉवरच्या आवारात सोडत नाहीत, कुंपणाबाहेरूनच बघायचा. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत बस आहे. रविवारी अकराच्या आत वर पोचा, नंतर दही संपतं.