चीता हेलिकॉप्टर: देखभाल करणाऱ्याचा अभिप्राय

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. वीस हजार फुटांच्या आसपास बर्फात माणूस आणि रॉकेल पोचवायला चीताच्या तोडीचं मशीन माझ्या नोकरीत मी दुसरं पाहिलं नाही. आणि जिथे त्या उंचीचं काम नाही, तिथे ते आता एक दिवसही उडवू नये. दोन्ही मतं माझीच आहेत आणि दोन्हींवर मी ठाम आहे.

मी ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचा माणूस. आर्मी एव्हिएशनच्या, म्हणजे लष्कराच्या स्वतःच्या हवाई शाखेच्या, हेलिकॉप्टरांची देखभाल करण्यात नोकरी गेली. लेह, लडाखमधलंच थॉइस, ईशान्येकडचे तळ आणि शेवटी नाशिकरोडचं गांधीनगर, जिथे पायलट तयार होतात. निवृत्तीनंतर राहायलाही जवळच आहे. चीता डोक्यावरून गेलं की मान वर न करता ओळखतो, इतका त्या इंजिनाचा चिरका आवाज कानात बसलाय. शेजारचा मुलगा यंदा आर्मी एव्हिएशनला निवडला गेला. "काका, खरं सांगा, मशीन कसं आहे?" असं त्याने विचारलं तेव्हा त्याची आईही दारात येऊन उभी राहिली. त्या दोघांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. चीताबद्दल एक तर नुसती आरती वाचायला मिळते, नाही तर नुसत्या शिव्या.

हे हेलिकॉप्टर मुळात आपल्याच मागणीवरून घडलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस भारतीय सैन्याला हिमालयात चढू शकेल असं हलकं मशीन हवं होतं. फ्रेंचांनी त्यांच्या आलुएत-2 हेलिकॉप्टरचा हलका सांगाडा घेतला आणि त्यावर थोरल्या आलुएत-3 चं इंजिन आणि रोटर, म्हणजे वरची फिरती पाती, बसवली. हे आलुएत-3 म्हणजे आपलं चेतक. 17 मार्च 1969 ला या जोडणीने पहिलं उड्डाण केलं. तिकडे तिचं नाव लामा, आणि परवाना घेऊन बेंगळुरूला बनलं ते चीता.

उंचीवर ते का चालतं हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आलुएत-3 कडून आलेल्या या आर्तूस्त इंजिनाची मूळ ताकद 870 अश्वशक्ती, पण वापरायला दिलेली फक्त 550. मैदानात वरची ताकद नुसती पडून असते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. तिथे कुठल्याही इंजिनाचा दम उतरतो, तसा याचाही उतरतो, पण याच्याकडे उतरायला शिल्लक असते. त्यात रिकाम्या मशीनचं वजन जेमतेम हजार किलो. शेपटीवर पत्रा नाही, नुसता नळ्यांचा सांगाडा. पुढे काचेचा गोल घुमट, खाली चाकांऐवजी स्किड, म्हणजे दोन आडव्या नळ्या. अनावश्यक असं काहीच नाही. 21 जून 1972 ला ज्याँ बुले या फ्रेंच पायलटने लामा 12,442 मीटरपर्यंत नेलं. तिथे इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत ठेवून बुले थेट जमिनीपर्यंत सुखरूप उतरले. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. गांधीनगरला प्रत्येक शिकाऊ पायलटकडून ते घटवून घेतलं जातं, कारण एकाच इंजिनाच्या मशीनमध्ये जीव वाचवायला शेवटी तेवढंच हातात उरतं.

आता सियाचीन. हवाई दलाचं चेतक तिथे ऑक्टोबर 1978 मध्ये उतरलं होतं. पण 13 एप्रिल 1984 ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं तेव्हा बिलाफोंड ला खिंडीत 4 कुमाऊं या पलटणीच्या प्लाटूनला नेऊन सोडलं ते चीतांनी. प्लाटूनचे कमांडर होते कॅप्टन संजय कुलकर्णी, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले. तेव्हापासून आजतागायत वरच्या पोस्टचं जगणं हेलिकॉप्टरवर आहे. मोठी मशीन सामान टाकून जातात, पण जिथे हेलिपॅड म्हणजे बर्फात दाबून केलेला एवढासा सपाट तुकडा, तिथे चीताच जातं. सगळ्यात वरचं सोनम, सुमारे 21,000 फुटांवर.

तिथे वजनाचा हिशेब किलोत नाही, जवळजवळ पावशेरात चालतो. मागच्या सीट काढलेल्या. इंधन जाऊन यायला लागेल तेवढंच, वर थोडी शिल्लक. एवढं करून कधी कधी एका फेरीत एक जेरीकॅन रॉकेल जातं. वीस लिटर. त्यासाठी दोन पायलट जीव मुठीत धरून जातात, आणि मशीनही एकटं जात नाही, जोडीने जातं, म्हणजे एक कुठे बसलं तर दुसऱ्याला निदान जागा माहीत असेल. पॅडवर इंजिन बंद करायचं नाही, कारण त्या उंचीवर ते पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. स्किड नुसते बर्फाला टेकवायचे, जवान वाकून धावत येतात, सामान खेचून घेतात, पत्रांची थैली आत टाकतात, आणि मशीन उचललं. 26 नोव्हेंबर 2003 ला शस्त्रसंधी होईपर्यंत समोरून तोफा चालायच्या, तेव्हा पॅडवरचा मुक्काम अर्ध्या मिनिटाच्या वर जाऊ द्यायचा नाही असा दंडक होता. त्या अर्ध्या मिनिटात आजारी माणूसही आत घ्यायचा. फुप्फुसात पाणी झालेल्या जवानाला औषधाआधी खालची हवा लागते, आणि ती चीतात बसल्यापासून लागायला लागते.

पायलट मंडळींबद्दल बरंच लिहिलं गेलंय, योग्यच आहे. मी माझ्या बाजूचं सांगतो. पहाटे, उजाडायच्या आत, मशीनवरचं कव्हर काढायचं. ते रात्री गोठून पत्र्यासारखं झालेलं असतं, त्याची घडी होत नाही. बॅटरी रात्री काढून उबेला ठेवलेली, ती आणून बसवायची. मग वर चढून रोटर हेड. तीन पाती एकमेकांपासून नेमक्या अंतरावर राहावीत म्हणून त्यांच्यामध्ये तारा असतात. त्या तारांचा ताण आणि टोकाची जोडणी डोळ्यांनी बघून भागत नाही, बोटांनी बघायची. पात्याची पुढची कड तशीच, नख फिरवून. जाड हातमोज्यात यातलं काही कळत नाही. मोजा काढला की लोखंड कातडीला चिकटतं. म्हणून आतला पातळ मोजा तेवढा ठेवायचा, दहा-वीस सेकंद हात लावायचा, काखेत घालायचा, पुन्हा लावायचा. नटाला घातलेली सेफ्टी वायर पिळताना बोटं चिरतात आणि थंडीमुळे ते खाली खोलीत आल्यावर कळतं. काचेचा घुमट मऊ कापडाने आणि भरपूर पाण्याने, अगदी हलक्या हाताने पुसायचा. बर्फाची कणी कापडात अडकून ओरखडा पडला तर सकाळच्या उन्हात पायलटला नेमका तिथेच झगझगाट दिसतो. एवढं सगळं झालं की लॉगबुकात सही. ती सही करताना माझा हात कधीच सैल पडला नाही, कारण समोर उभे असलेले साहेब त्या सहीवर विश्वास ठेवून बसणार असतात. ते काही तपासून बघत नाहीत. नुसतं विचारतात, "साब, ठीक है?"

देखभालीला हे मशीन सोपं आहे, आणि हा मोठा गुण मी मुद्दाम नोंदवतो. सगळं उघडं, सगळं हाताला लागणारं. उघड्यावर, वाऱ्यात, टॉर्चच्या उजेडात दुरुस्त होऊ शकणारी हेलिकॉप्टरं जगात थोडी असतील.

लढाईत मात्र त्याला कवच म्हणून काहीही नाही. कारगिलमध्ये 28 मे 1999 ला तोलोलिंगवर हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, चारही जण गेले. त्यानंतर रॉकेट लावलेली एमआय-17 त्या हल्ल्यांमधून काढून घेतली. चीता मात्र रोज जात राहिलं, जखमींना आणायला, तोफांचे गोळे कुठे पडतायत ते बघायला. हवाई दलाच्या गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी याच मशीनवर त्या खोऱ्यांत उड्डाणं केली. काचेचा घुमट आणि पातळ पत्रा, एवढाच आडोसा. डोंगराला चिकटून, नाल्यातून उडायचं, म्हणजे समोरच्याला नेम धरायला वेळ मिळत नाही. संरक्षण म्हणून मशीनने काहीच दिलं नाही, जे होतं ते पायलटचं कौशल्य. या बाबतीत मी चीताला शून्य गुण देतो.

आता अपघात. शेजारच्या वहिनींना तेच ऐकायचं होतं आणि मी टाळलं नाही. 1 ऑक्टोबर 2014, बरेली, तीन अधिकारी. 30 नोव्हेंबर 2016, सुकना, तीन अधिकारी. 27 सप्टेंबर 2019, भूतानमध्ये योंगफुल्लाजवळ, आपला एक पायलट आणि भूतानचा एक. 2022 च्या मार्चमध्ये काश्मीरात गुरेझ, आजारी जवानाला आणायला गेलेलं मशीन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तवांग. 16 मार्च 2023, अरुणाचलात मंडलाजवळ, दोन अधिकारी. ही यादी पूर्ण नाही. पण ती नीट वाचा. बरेली म्हणजे सपाट मैदान. सुकना सिलिगुडीजवळ, डोंगराच्या पायथ्याशी. म्हणजे ज्या उंचीसाठी आपण या मशीनचे सगळे दोष पदरात घेतो, ती उंची तिथे नव्हतीच.

आणि दोष आहेत. एकच इंजिन. ऑटोपायलट नाही. हवामान दाखवणारं रडार नाही. समोर डोंगर आला हे ओरडून सांगणारी यंत्रणा नाही. जुन्या घड्याळांसारख्या गोल तबकड्या बघत, गुडघ्यावर नकाशा ठेवून पायलट उडतो. लख्ख उन्हात हे चालतं. पण तवांगच्या बाजूला एका वळणावर ढग खोऱ्यात उतरतो आणि पाठीमागचाही रस्ता बंद होतो. तेव्हा पायलटला वर-खाली कळेनासं होतं. सियाचीनवरही तेच, बर्फ उडाला की आभाळ आणि जमीन एकाच रंगाची. अशा वेळी यंत्राने मदत करायला हवी, आणि हे यंत्र 1969 च्या बुद्धीने बनलेलं आहे. ते तरी काय मदत करणार?

वयाचं दुखणं वेगळंच. फ्रान्समध्ये लामाचं उत्पादन 1989 मध्येच थांबलं. माझ्या शेवटच्या वर्षांत एखाद्या भागासाठी महिनोन्महिने वाट बघायची आणि मग उभ्या असलेल्या दुसऱ्या मशीनमधून तो काढून बसवायचा, हे नित्याचं झालं होतं. त्यात नियम मोडत नाही, भाग तपासूनच बसतो. पण उभं असलेलं मशीन दर आठवड्याला थोडं थोडं रिकामं होताना बघणं फार वाईट.

बदली मशीन येणार हे मी भरतीच्या वयातल्या पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. 197 हेलिकॉप्टरांची खरेदी डिसेंबर 2007 मध्ये रद्द झाली. पुन्हा निविदा निघाली, ती ऑगस्ट 2014 मध्ये रद्द. 2015 मध्ये रशियाशी 200 कामोव्ह हेलिकॉप्टरांचा करार ठरला, मशीन काही आलं नाही. त्याच वर्षी लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटून ही जुनी हेलिकॉप्टरं थांबवा अशी मागणी केली. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. नोकरीत असताना आम्ही ते बोलू शकत नव्हतो, त्या बोलल्या. मात्र एका दिवसात सगळी बंद करा, यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. 2016 च्या फेब्रुवारीत सोनम पोस्टवर हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यात आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक होता. सहा दिवसांनी लान्स नायक हणमंतप्पा जिवंत सापडले, त्यांना हेलिकॉप्टरनेच खाली आणलं, पण दिल्लीत त्यांनी प्राण सोडला. वरच्या पोस्टवर माणसं ठेवायची असतील तर त्यांना खाली आणायची सोय आधी पाहिजे. दुसरं मशीन तिथे पोचेपर्यंत चीता काढता येत नाही. बाकी सगळीकडून काढता येतं, आणि काढायला हवं: अधिकाऱ्यांची ने-आण, मैदानी छावण्या, सराव.

आपलं नवं हलकं हेलिकॉप्टर, एलयूएच, 6 सप्टेंबर 2016 ला बेंगळुरूत पहिल्यांदा उडालं आणि सियाचीनच्या उंचीवर त्याच्या चाचण्याही झाल्या. इंजिन त्यालाही एकच, पण समोर तबकड्यांच्या जागी पडदे आहेत. शेजारच्या मुलाचं प्रशिक्षण संपेपर्यंत ते पलटणींत भरपूर संख्येने असावं ही माझी मनापासून इच्छा आहे. ते बनवणाऱ्यांपर्यंत हे पोचलं तर एका जुन्या मेकॅनिकच्या दोन मागण्या: बॅटरी एका माणसाला अंधारात काढता-घालता यावी, आणि रोजच्या तपासणीला उघडायच्या प्रत्येक पॅनेलचा स्क्रू जाड हातमोजा न काढता फिरवता यावा.