भाच्याच्या फोटोखाली दुसऱ्याचाच क्यूआर

मी इंदूरचा, राहायला सुदामा नगरला. आमच्या मदतीच्या पोस्टरवरचा क्यूआर कुणीतरी बदलला आणि 17 जणांचे पैसे बुडालेत, आणखी कुणाचे बुडू नयेत म्हणून सगळं लिहितोय.

ताईच्या मुलाला, नऊ वर्षांचा आहे, ब्लड कॅन्सर निघाला, एएलएल म्हणतात तो. लहान मुलांमधे हा बहुतेक वेळा बरा होतो असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, पण ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते. भावजींचं छोटं दुकान, सरकारच्या आयुष्मान योजनेच्या यादीत नाव नाही म्हणजे उपचाराचे ते 5 लाखही नाहीत. मग क्राउडफंडिंगच्या, म्हणजे लोकांकडून मदत गोळा करायच्या, एका साइटवर पेज उघडलं, हॉस्पिटलचं एस्टिमेट लावलं, भाच्याचा फोटो लावला आणि पोस्टर आपल्या मराठी ग्रुपांवर टाकलं, गणेशोत्सव मंडळाचा, शाळेचा, नात्यातला, सगळीकडे. चार दिवसांत 1 लाख 12 हजार आले, ताईला रडूच आवरेना.

पाचव्या दिवसापासून आकडा हलेचना. मला वाटलं देणारे देऊन झाले असतील. मग रामबागेतल्या मावशींचा फोन, "अरे परवा 2,100 पाठवले, मिळाले ना? पेजवर माझं नाव कुठे दिसत नाही." स्क्रीनशॉट मागवला तर पैसे भलत्याच माणसाच्या नावावर गेलेले.

त्यांच्याकडे आलेलं पोस्टर बघितलं आणि हातपाय गार पडले. फोटो आमचा, एस्टिमेट आमचं, हॉस्पिटलचा पेशंट नंबरसुद्धा आमचाच, फक्त क्यूआर दुसरा आणि ताईच्या मोबाइल नंबराच्या जागी कुणाचा तरी नंबर. वर लाल पट्टीत "24 तासांत 6 लाख भरले नाहीत तर ऑपरेशन थांबेल". अहो ब्लड कॅन्सरला कसलं ऑपरेशन, केमो असते, महिनोन् महिने चालणारी! खाली "80जी ची सूट मिळेल" हेही. ती इन्कम टॅक्समधली सूट नोंदणी असलेल्या संस्थेला देणगी दिली तर मिळते, कुणाच्या पर्सनल खात्यात टाकलेल्या पैशावर नाही. पण मुलाचा चेहरा बघितल्यावर एवढं कोण वाचतं, आणि वर माझं नाव लिहून "आपल्या ओळखीतले आहेत" म्हणत लोक ते पुढे पाठवत होते. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

एकेकाला फोन करून यादी केली, 63,400 रुपये. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावला पण मावशींच्या पैशांना तोवर दोन दिवस उलटलेले. तिथे रक्कम, तारीख आणि पेमेंटचा 12 आकडी यूटीआर नंबर विचारतात, लगेच कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. एकाने त्याच दुपारी पाठवले होते त्याचे 5,000 अडवले गेले, बाकीचे हाती लागले नाहीत. ज्याच्या खात्यातून गेले त्याचेच डिटेल्स लागतात, म्हणून दोन आजोबांच्या घरी बसून मी त्यांची तक्रार सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर भरून दिली. त्यातले एक पेन्शनर, 500 रुपये पाठवलेले, मलाच म्हणाले "तू कशाला वाईट वाटून घेतोस रे". आणि दुसरीकडे मंडळातलेच काही जण ताईकडे संशयाने बघायला लागले, यांचंच काही असेल म्हणून. मुलगा केमोने उलट्या करतोय आणि त्याची आई लोकांना बँकेची स्टेटमेंट दाखवतेय.

तर कुणालाही मदत करताना फोटोतला क्यूआर वापरू नका, क्यूआर म्हणजे नुसतं चित्र, कुणीही बदलतं. साइटवर जाऊन पेशंटचं पेज स्वतः शोधा. स्कॅन केलंच तर पिन टाकायच्या आधी नाव येतं ते वाचा, साइटचं किंवा घरच्यांचं नसेल तर तिथेच थांबा. रक्कम मोठी असेल तर हॉस्पिटलचा नंबर पोस्टरवरून न घेता स्वतः शोधून बिलिंग काउंटरला पेशंट नंबर सांगा आणि पैसे थेट हॉस्पिटलच्याच खात्यात भरता येतील का विचारा. आणि ज्यांच्या घरी पेशंट आहे त्यांनी पेशंट नंबर पोस्टरवर झाकून टाका, आम्ही उघडा ठेवला आणि त्याच्यामुळेच ते खोटं पोस्टर खरं वाटलं.

भाच्याची केमो चालू आहे, केस परत यायला लागलेत. पण ते लाल पट्टीचं पोस्टर अजून फिरतंय, परवा देवासच्या एका ग्रुपवर आलं. निळ्या टी-शर्टातला मुलगा, हाताला सलाइन. दिसलं तर पैसे पाठवू नका, ज्याने टाकलं त्याला लगेच डिलीट करायला सांगा.