प्रिंटरचा ड्रायव्हर पडला ५१,०९९ रुपयांना

आधी २,४९९ गेले, मग ४८,६००. आकडे मुद्दाम पूर्ण लिहिते आहे, कारण ‘थोडेफार गेले’ म्हटलं की लोक ऐकून सोडून देतात.

सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिसा छापायच्या होत्या. प्रिंटर नवा, सोबत आलेली सीडी घालायला लॅपटॉपला जागाच नाही. म्हणून मॉडेलचा नंबर टाकून ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर लॅपटॉपवर चालवणारा प्रोग्रॅम, नेटवर शोधला आणि पहिली लिंक उघडली. तिच्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात असते, हे आता मला कुणी शिकवू नका. लोगो तोच, रंग तोच, मॉडेलही बरोबर. इन्स्टॉल करताना पट्टी अर्ध्यात अडकली आणि ‘इन्स्टॉलेशन फेल्ड’ म्हणून मदतीचा फोन नंबर आला. ती अडकणारच होती. आत ड्रायव्हर नव्हताच.

त्या नंबरवर मी फोन केला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. गोड बोलणारा ‘इंजिनिअर’, स्क्रीन बघायचं ॲप, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून दाखवलेल्या लाल खुणा. त्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात! ॲप बसवताना पिवळ्या पट्टीची खिडकी आली होती, ‘पब्लिशर: अननोन’, म्हणजे बनवणारा कोण ते माहीत नाही. मी येस दाबलं. लॅपटॉप देताना दुकानदारच म्हणाला होता, ‘काही विचारलं तर येस करत जा, ताई.’ वर्षभराच्या सपोर्टचे २,४९९ मी डेबिट कार्डाने भरले. कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत.

संध्याकाळी भाचा फोनवर ओरडला, ‘मावशी, ते आधी काढून टाक.’ काढलं की! डेस्कटॉपवरचं चित्र उचलून रिसायकल बिनमध्ये टाकलं, बिनही रिकामं केलं. ते चित्र म्हणजे नुसता शॉर्टकट. प्रोग्रॅम जिथल्या तिथे, लॅपटॉप चालू केला की आपोआप चालू होणारा. संगणकाच्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. त्यात एक्सेल शिकवलं, पण बसवलेलं काढायचं कसं यावर चकार शब्द नाही. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तिथे तारखेप्रमाणे यादी लावा आणि त्या दिवशी जे जे आलं ते अनइन्स्टॉल करा. त्याआधी वाय-फाय बंद. पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला, त्याच लॅपटॉपवरून नव्हे. आणि कार्ड लगेच ब्लॉक करा. ते मी केलं नाही, कारण मला वाटलं ॲप गेलं, विषय संपला.

मग ती घडी, जी आठवली की अजून अंगाची आग होते. विजेचं १,८४० रुपयांचं बिल भरत होते. ओटीपी येणारच होता, आला. मोबाइलच्या वरच्या पट्टीत सहा आकडे दिसले, तेवढे टाकले. पानाने ‘चुकीचा ओटीपी’ सांगितलं. तिथे थांबायला हवं होतं. बँकेचा ओटीपी चुकेल कसा? पण लगोलग दुसरा आला, तो चालला, बिल भरलं गेलं. पहिला मेसेज नंतर उघडला. त्यात ४८,६०० स्वच्छ लिहिलं होतं. तो ओटीपी त्या ‘इंजिनिअर’ने माझ्या कार्डावर लावलेल्या व्यवहाराचा होता, आणि बिलाच्या पानावर मी टाकलेले आकडे तो पलीकडून वाचत होता. मी ओटीपी कुणालाही सांगितलेला नाही, हे बँकेला अजून पटत नाही. मेसेज उघडून रक्कम वाचल्याशिवाय आकडे टाकू नका, बिल दहा रुपयांचं असलं तरी.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागता लागेना. लागला तेव्हा पोच नंबर मिळाला, तो घेऊन पोलीस ठाण्यात गेले. ते म्हणाले सायबर पोलिसांकडे जा. सायबरवाले म्हणाले तुमच्या हद्दीत जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता तक्रार नोंदवायची असते. हे मी म्हटल्यावर साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही वकील आहात का?’ शिकलेल्या बाईने फसायचं कशाला, हाही एक टोला.

बँकेत वेगळीच तऱ्हा. ‘ओटीपी टाकलात म्हणजे व्यवहार तुम्हीच मंजूर केलात.’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं (शेजाऱ्यांच्या प्रिंटरवर). त्यात ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, हे वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा, ही ओळ मात्र त्यांना दिसली नाही. लेखी अर्जाची पोच मागितली तर शिक्का सापडेना. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तीच लागते.

आणि तो ड्रायव्हर? भाच्याने प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ‘ॲड डिव्हाइस’ दाबलं, विंडोजने स्वतःच आणून बसवला. फुकट. लोकपालाकडे अर्ज गेला आहे. इंजिनिअरचा नंबर तक्रारीत सगळीकडे लिहून दिला होता, तो अजून चालू आहे.